वसाहतीची शोभा

डोंगरापलीकडे वणवा पेटला, तसा आम्ही सामान भरून गाडीमागे जोडायचा, आत राहता येईल असा कॅम्पर ट्रेलर घरापुढे आणून लावला. आमच्या सात महिन्यांच्या टेसाला धुराने धाप लागते. ऐनवेळी बांधाबांध कोण करणार?

दुसऱ्याच दिवशी ग्लेन हॉलवर्सन नोटीस घेऊन हजर. वसाहत समितीचे अध्यक्ष, निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणजे लोकांची अंगणं मोजणं.

"मिसेस डनहॅम, ट्रेलर रस्त्यावरून दिसतोय. वसाहतीची शोभा जाते."

"शोभा? अहो, तुमच्या टोपीवर राख पडलीय!"

त्यांनी टोपी झटकली. "प्रवासाच्या आधी फक्त चोवीस तास लावता येतो. नियम आहे."

"वणवा इकडे वळला की त्याच मिनिटाला निघणार आहोत आम्ही!"

"उत्तम," म्हणत त्यांनी ट्रेलरच्या परवानगीचा अर्ज पुढे केला.



"वणवा कधी वळणार, ती तारीख इथे लिहा."