खाकी कव्हर

सकाळच्या चहाबरोबर बाबांनी दोन पानं मोठ्यानं वाचायची, हा त्या घरातला शिरस्ता. सध्या दीपस्तंभावरच्या खुनाची गोष्ट चालू होती. बाबा ओळीवरून बोट फिरवत होते, मध्येच आवाज बदलत होते आणि पोरं कानात प्राण आणून ऐकत होती.

"खुनी कोण, ते आज सांगाच!" धाकटी म्हणाली.

"धीर धर गं. माणूस जवळचाच आहे."

आईनं हसत आपलं शिवणाचं पुस्तक उघडलं, तर दीपस्तंभ तिच्याच हातात! घरातल्या सगळ्या पुस्तकांना सारखीच खाकी कव्हरं तिनंच घातली होती. घाईत अदलाबदल झाली असणार. तिनं नवऱ्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. त्यांचं बोट बाहीच्या मापांवरून फिरत होतं आणि गोष्ट मात्र पुढे चालली होती.

"अहो," ती त्यांच्या कानाशी कुजबुजली, "दिसत नाही तुम्हाला?"

"पोरांसमोर नको."

पुस्तक मिटून ते उठले आणि भिंत चाचपत त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली.

"चला, शाळेच्या बसची पोरं स्टॉपवर थांबली असतील. आज माझ्या स्टिअरिंगशेजारी कोण बसणार?"

"मी! मी!"