या वर्षीचा सुशांत

“हात इथे आणि डोळे तिथे? मग हात कुठे चाललाय ते कळणार कसं?” सुमतीबाईंनी विचारलं.

काउंटरवरच्या चित्र काढायच्या काळ्या, पाटीएवढ्या टॅबलेटवर त्यांनी पेनने एक गोल काढला होता. तो उमटला समोरच्या मॉनिटरवर, आणि बटाट्यासारखा दिसत होता.

“सवयीने जमतं, काकू,” प्रीती म्हणाली. ठाण्यातल्या या दुकानात चित्रकारांचं सामान दाखवायचं काम तिच्याकडे होतं. “आठवड्याभरात हात बसतो.”

“तेवढा वेळ नाहीये गं. रविवारी वाढदिवस आहे सुशांतचा. माझा मुलगा. दर वाढदिवसाला मी त्याचं चित्र काढते.”

“दरवर्षी? किती छान!”

शेजारी देवयानी उभी होती. ती सुमतीबाईंची धाकटी. कोलशेतच्या ऑफिसात अर्धी रजा टाकून ती आईला मानपाड्याहून घेऊन आली होती.

“आई, हा हलका आहे. कपाटात ठेवायलाही सोपा,” ती म्हणाली. “स्क्रीनवाला मोठा घेऊन तू वर्षातून एकच चित्र काढणार.”

“एकच. पण ते नीट यायला हवं.”



सुमतीबाईंची सगळी नोकरी कल्याणजवळच्या मोहन्याच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली होती. फळ्यावर एका दमात घोडा काढायच्या त्या. पण गेल्या वर्षभरात उजवा हात थरथरायला लागला. यंदा सुशांतचं चित्र काढायला बसल्या, तर ओठाची रेघ गालावर गेली. खोडून खोडून कागद फाटला. दुसऱ्या कागदाचंही तेच झालं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मग देवयानीनेच हे टॅबलेटचं काढलं.

“थांबा, तुम्हाला पेन डिस्प्ले दाखवते,” प्रीती म्हणाली. तिने एक रुंद स्क्रीन त्यांच्यासमोर तिरका ठेवला. “यात थेट काचेवरच काढायचं.”

सुमतीबाईंनी पेन टेकवलं. रेघ टोकाखालीच उमटली, पण थरथरतच. त्यांनी पेन उचललं आणि हात पदराखाली घेतला.

“एक मिनिट हां.” प्रीतीने सेटिंग उघडून काहीतरी वाढवलं. “यात कंप कमी करायची सोय असते. आता ओढा.”

त्यांनी पुन्हा ओढली. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक लांब, न अडखळणारी रेघ आली. सुमतीबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

“ही माझीच रेघ आहे,” त्या हळूच म्हणाल्या.

मग देवयानीने फोनमधून मागच्या वर्षीचं चित्र दिलं. प्रीतीने ते स्क्रीनवर घेऊन फिकं केलं. “हे खाली राहील. त्याच्यावर नवीन काढा. खालच्याला धक्का लागणार नाही.”

“म्हणजे मागच्या वर्षीचा सुशांत खाली, आणि यंदाचा वर?”

“बरोबर! यंदाचा फोटो आहे का? बाजूला लावून देते.”

“फोटो नको,” सुमतीबाई म्हणाल्या, आणि काढायला लागल्या.

“बाहेर असतात का ते?”

“हो. बाहेरच.”

“मग व्हिडिओ कॉलवर समोर बसवायचं ना, काकू!”

“या पेनाला चार्जिंग लागतं का हो?” देवयानीने मध्येच विचारलं.

“नाही, नाही. याला काहीच लागत नाही.”

सुमतीबाईंचं दोघींकडे लक्ष नव्हतं. “केस थोडे मागे घेऊ का गं, देवयानी?”

“घे. बाबांचे पण याच वयात मागे गेलेले.”

“आणि दाढी?”

“ठेव की. आता सगळेच ठेवतात.”

“ह्यांना कधी धड आली नाही दाढी.”

“म्हणून त्याला पण नाही? मामाला बघ की केवढी आहे.”

मायलेकींची तिथेच जुंपली. प्रीतीला हसू आवरेना. “दाढी वेगळ्या लेयरवर काढा ना! हवी तेव्हा दाखवायची, नको तेव्हा बंद.”

सुमतीबाईही हसल्या. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी दाढी काढली, बंद केली, पुन्हा चालू केली. मग नाकापाशी येऊन अडल्या.

“माझं बघून काढ,” देवयानी म्हणाली. “दोघांचं नाक एकच, असं तूच म्हणतेस ना?”

तिने कानातले काढून पर्समध्ये टाकले, केस मागे घट्ट बांधले आणि स्टूलवर बसली. आई वर बघायची, खाली काढायची. पुन्हा वर बघायची. थोड्या वेळाने देवयानीचे डोळे भरून आले. तिने मान वळवली.

“हलू नकोस,” सुमतीबाई म्हणाल्या.

ती हलली नाही. प्रीतीने पाण्याचा ग्लास आणून तिच्या हातात दिला.

चित्र पुरं झालं. पस्तिशीचा एक माणूस स्क्रीनमधून बघत होता. केस विरळ, डोळे शांत, आता काहीतरी बोलेल असे ओठ. सुमतीबाईंनी पेन खाली ठेवलं. हात थरथरत होता, पण त्यांनी तो लपवला नाही.

“काकू, काय जिवंत काढलंय!” प्रीती म्हणाली. “रस्त्यात दिसले तरी ओळखेन मी. हाक मारेन.”

सुमतीबाईंनी तिचा हात धरला. “मारशील?”

“म्हणजे काय!”

“नक्की मार हं.”

“हाच घेऊ आपण, आई,” देवयानी म्हणाली. “स्क्रीनवालाच.”

“मग हे चित्र फाइल करून तुमच्या फोनवर पाठवते,” प्रीती म्हणाली. “खाली काही लिहू का? ‘हॅपी बर्थडे’ वगैरे?”

देवयानीने आईकडे पाहिलं.

“लिही,” सुमतीबाई म्हणाल्या. “सुशांत. हरवला तेव्हा वय वर्षं चार.”