सीटखालचा इळा

इंद्रजीतनं पिकअप चालू केली तरी रेश्मावैनी गाडीत सामान भरतच होती. उजेडाची बॅटरी ठेवली, दोराचं भेंडोळं ठेवलं, पाण्याचा कॅन ठेवला. गाडी मधीच बंद पडली तर मागं बांधायला म्हणून लाल लुगड्याचं फडकं बी.

"वैनी, मी सोलापूरला केळी टाकाय चाललोय. हिमालयात न्हाय."

मागं कॅरेट रचून दमलेले कोंडीबातात्या हसले. "चूल बी दे गं पोरी. आन एक कोंबडी."

"तात्या, मागचा फाळका नीट लागलाय का बघा," रेश्मा म्हणली. ती हसली न्हाय.

इंद्रजीतचं डोकं तापलं. जुनी का होईना, गाडी घरात आली होती आणि आज तिचा पहिला फेरा. सकाळी पूजा झाली, चाकाखाली लिंबं फुटली, आईनं बंपरला काळी बाहुली बांधली. ओवाळायला पाच सवाष्णी आल्या. तेवढा वेळ रेश्मा मागच्या खोलीत होती. तिला जा कुणी म्हणलं नव्हतं. ये बी कुणी म्हणलं नव्हतं.

उदयदादा गाडीसकट कालव्यात गेला त्याला दहा महिनं झाले. शेजारच्या सीटवर रेश्मा होती. ती वाचली. दादा जाग्यावर गेला, असं समदी म्हणायची. आईसमोर तर रोजच म्हणायची.

"झालं का? केळी काळी पडत्याल हितंच."

त्यानं पट्टा ओढून पोटावर घेतला. बक्कल धरतच नव्हतं. त्यानं पट्ट्याचं टोक खालच्या लोखंडात ओवलं, गाठ मारली, वर अजून एक मारली.

रेश्माचा हात कॅनवर तसाच राहिला.

"ही कुनी शिकवली?"

"शिकवायला काय लागतंय? टोलवर फोटू काढत्यात, पट्टा दिसला म्हंजी झालं. दादा बी आसंच बांधायचा की."

ती वळली आणि घरात गेली. इंद्रजीतनं हॉर्न दाबून धरला.

ती आली ते इळा घेऊन. धारेला सायकलच्या ट्यूबचं तुकडं गुंडाळलेलं. ओट्यावर आई ताट घेऊन उभी होती, ती वरडलीच. "आगं ए! पूजेच्या गाडीत धारंचं लोखंड घालतीस? आपशकुन कराय बसलीस का?"

"केळीची पानं कापाय, आत्याबाई."

आई पुटपुटत गप झाली. रेश्मा इंद्रजीतच्या दाराशी आली, खाली वाकली आणि त्याच्या दोन पायांच्या मधी, सीटच्या पट्टीला रबरानं इळा अडकवायला लागली. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं वाकडी उगवली होती. ती वाकडीच का उगवली, हे घरात कुणी इचारलं नव्हतं.

"पानं कशाला कापाय लागत्यात मला?" तो खेकसला.

"हळू बोला, भावजी." ती मान वर न करता बोलली. "ते जाग्यावर न्हाय गेले."

इंजिनचा आवाज चालूच होता. ओट्यापर्यंत काय ऐकू जात नव्हतं.

"पट्ट्यानं वाचले हुते ते. शुद्धीत हुते. उजवा हात दाराखाली दबला हुता. पानी छातीला आलं तवा मी गाठ सोडवत हुते. वल्ली गाठ, वडंल तशी आवळत गेली. दोघांनी उड्या टाकल्या, त्यास्नी बी सुटंना. काठावर पंधरा मानसं, समद्यांकडं मोबाईल. इळा एकाकडं न्हवता."

"वैनी..."

"डाव्या हातानं मला ढकलत हुते. तू जा म्हनत हुते."

इंद्रजीतचा हात गाठीवर गेला. "आईला ठावं हाय?"

"न्हाय. आन तुमी बी सांगायचं न्हाय."

तो गाठ सोडायला लागला. एक सुटली, दुसरी घट्ट बसली होती.

"सोडू नगा. पट्टा पायजेच," ती म्हणली. "आधी माढ्यात थांबा. नवं बक्कल बसवून घ्या, मग फुडं जावा. केळी काळी पडली तर पडू द्या."

"व्हय."

"आता डोळं मिटा."

"आँ?"

"मिटा. पान्यात काय दिसत न्हाय."

दुसरं कुणी असतं तर त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या. त्यानं डोळं मिटलं. हात खाली घातला. आधी नुसता पत्रा लागला. मग रबर. मग मूठ. हिसका मारला तसा इळा हातात आला.

त्यानं डोळं उघडलं आणि झालं का आता, अशा नजरेनं तिच्याकडं बघितलं.

ओट्यावरनं आई म्हणली, "निघू दे की गं त्याला. काय चाललंय तुमचं?"

रेश्मानं त्याच्या हातातनं इळा काढून घेतला. खाली वाकून परत होता तिथंच अडकवला, रबर ओढून बघितलं.

"आता डाव्या हातानं," ती म्हणली.