तिसरी ओळ

"एकेचाळीस नाही, त्रेचाळीस," प्रूफ वाचणाऱ्या ताई म्हणाल्या आणि लाल पेनाने आकडा दुरुस्त केला.

संगीत समीक्षक त्यांच्या टेबलाला टेकून उभा होता. "काय त्रेचाळीस?"

"तुम्ही लिहिलंय, एका गाण्यात 'ओ ओ' एकेचाळीस वेळा येतं. त्रेचाळीस वेळा येतं."

"म्हणजे तुम्हीही ऐकलंत!" तो खूश झाला. "बघा, मोजण्याशिवाय करण्यासारखं काही आहे का त्यात?"

फारसं नव्हतं. ताईंनाही ते मान्य होतं.

लेखात ज्याची सालं काढली होती, तो रॅपर वस्तरा या नावाने गायचा. आठ वर्षं त्याने भल्याभल्यांची बिनपाण्याने केली आणि गेल्या शुक्रवारी अचानक गळ्यात गिटार अडकवून पॉप-पंकचा अल्बम काढला. धाडधाड ड्रम, तेच ते तीन सूर आणि प्रेमभंग. समीक्षक तुटून पडले. एकाने लिहिलं, चौतिसाव्या वर्षी शाळेतून पळालेला हा पहिलाच विद्यार्थी. रेडिओवरच्या बाईंनी गाणं मध्येच थांबवून श्रोत्यांची माफी मागितली.

वस्तरा हा ताईंचा सख्खा धाकटा भाऊ. ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. ताईंनी होऊ दिलं नव्हतं.

सकाळी तो त्यांच्या स्वयंपाकघरात बसला होता. चहात बुडवलेलं बिस्कीट तळाला गेलं तरी त्याला पत्ता नव्हता. "उद्या तुमच्या पेपरानेही धुतलं तर गिटार विकतो, ताई. परत आपलं जुनं सुरू."

"तुला काय आवडतं?"

"हे. येत नाही नीट, पण आवडतं." मग तो खाली बघत म्हणाला, "नाहीतर एकदा खरं सांगून टाकू दे मला."

"खबरदार," ताई म्हणाल्या. आठ वर्षं त्या हेच म्हणत होत्या. त्यांना लोकांसमोर यायचा कंटाळा होता, असं त्या सांगत. खरं तर भीती होती.

नवी गाणी त्याने वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तकातल्या कोऱ्या पानांवर लिहिली होती. पहिल्यांदाच, ताईंना न दाखवता.

आता त्यांच्यासमोर त्याच गाण्यांचा पंचनामा होता आणि वर ठसठशीत मथळा: 'आपला आवाज टाकला, उसना घेतला.' समीक्षकाने मधोमध वस्तऱ्याचा एक जुना रॅप दिला होता, खरी कविता कशाला म्हणतात ते वाचकांना कळावं म्हणून.

ताई वाचत गेल्या. पेन आपोआप चाललं. दुसऱ्या ओळीखाली त्यांनी खूण केली आणि समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.

"हे काय?" समीक्षक वाकला.

"एक ओळ गळलीय तुमची."

त्याने कागद उचलून वाचला.

बावन्न पायऱ्या, लिफ्ट बंद, आई निघाली चढायला
हातात पिशव्या, पाठीत कळ, कुणी नाही धरायला
मजल्या-मजल्यावर थांबते, म्हणते, चप्पल लागली निसटायला
मी वरती उभा, कानात गाणी, वेळ नाही बघायला
असला मी पोरगा, आणि निघालो जगाला शिकवायला

"ही तिसरी कुठून आणलीत?"

"आहे ती."

"अहो ताई, आठ वर्षं ऐकतोय मी हे! दोन भाषणं दिलीत यावर!" त्याने खाली बोट ठेवलं. "हे वाचलं नाहीत का? 'आईवरून थेट स्वतःवर ही झेप! मधली ती बोलकी शांतता! जो हे जगलाय त्यालाच ती सुचते.' आणि तुम्ही माझ्या शांततेत चप्पल घुसवताय?"

ताईंचं पेन थांबलं. आपण काय करून बसलो ते त्यांच्या आता लक्षात आलं. या रॅपचं छापलेलं पुस्तक नव्हतं, ताडून बघायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी ती ओळ डोक्यातून उतरवली होती, घरच्या पत्त्यासारखी.

समीक्षकाने मोबाइलवर रॅप लावला. शेजारच्या संगणकावर पेपरचं पान लावणारा हातातलं काम सोडून ऐकू लागला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मग अर्धा क्षण काही नाही, आणि थेट 'मी वरती उभा'.

"ऐकलंत? आहे कुठे तुमची चप्पल?"

चूक झाली, खोडा, एवढं म्हणायचं होतं. ताईंनी तोंडही उघडलं. पण नजर मथळ्यावर गेली. मग तळाला गेलेलं ते बिस्कीट आठवलं.

"दम संपला त्याचा," त्या म्हणाल्या. "स्टुडिओचे तासही संपत आले होते. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, म्हणून ती ओळ तशीच सुटली. ती शांतता नाही हो. तो श्वास घेतोय."

"हे तुम्हाला त्याने सांगितलं?"

"मी काचेपलीकडे उभी होते. कागद माझ्या हातात होता."

"त्याचा कागद?"

"माझा. आईही माझी, पायऱ्याही आमच्याच. पण कानात गाणी घालून वरती मी उभी होते. तो तेव्हा सात वर्षांचा, आईची एक पिशवी धरून मागून चढत होता."

समीक्षक खुर्ची शोधू लागला. पान लावणाऱ्याने आपली पुढे सरकवली.

"सगळेच रॅप?" समीक्षकाने विचारलं. "आठही वर्षांचे?"

"सगळे. 'ओ ओ' तेवढं त्याचं आहे."

ताईंनी पर्समधून मोबाइल काढला, भावाला एकच शब्द पाठवला, 'सांग', आणि प्रूफ पुन्हा पुढे ओढलं. बाकी लेखाला त्यांनी हात लावला नाही. फक्त मथळ्यातल्या 'आपला' आणि 'उसना' या शब्दांभोवती त्यांनी लाल शाईची नागमोडी रेघ फिरवली. जागा बदलण्याची खूण.

"छापा," त्या म्हणाल्या. "अक्षरं तेवढीच आहेत. मापात बसेल."