सड्यावरची पाळत

मंडणगडजवळच्या आमच्या वाडीतली योगिनी रोज पहाटे सड्यावर, वाडीमागच्या उघड्या कातळपठारावर, एकटीच धावायला जायची.

"धावायला कसली जाते! कोणतरी हाय तिचा," मथुराकाकू म्हणायची. पुतणीला रंगेहाथ पकडायचं म्हणून तीन वर्षं काकू रोज गुपचूप तिच्या मागोमाग गेली. कोणीच सापडला नाही.

काल योगिनी जागतिक स्पर्धेत आठशे मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचली. अख्खी वाडी टीव्हीसमोर बसली होती. एवढा वेग कुठून आला, असं पत्रकाराने विचारल्यावर ती म्हणाली, "गावात रोज पहाटे कोणीतरी माझ्या मागावर असायचं. घरी सांगितलं असतं तर धावणंच बंद झालं असतं. म्हणून जीव तोडून पळायचे."

काकू ताडकन उठली.


"मी बोलली होती ना, कोणतरी हाय म्हणून!"