निकालाच्या दुसऱ्या दिवशी

त्या सकाळी तलावावर मुलांपेक्षा पालकच जास्त होते. एरवी पोरांना फाटकाशी सोडून कामाला पळणारी माणसं आज बाकांवर ठाण मांडून बसली होती. पाण्यात मुलं मोजकीच. बाकीची कपड्यांनिशी आईबापांना चिकटून उभी.

पोहणं शिकवणाऱ्या दादाने शिट्टी गळ्यात अडकवली. त्याला सगळे दादाच म्हणत, त्याच्याहून वयाने मोठे पालकसुद्धा. काल कोर्टात वकिलाच्या तोंडूनही एकदा चुकून तेच निघालं होतं आणि न्यायाधीशही हसले होते.

काल निकाल लागला होता. शाळेत असताना दादा एका कॉलेजच्या तलावावर शिकायला जायचा. तिथला प्रशिक्षक लहान पोरांशी काय करतो, हे प्राचार्यांना ठाऊक होतं, क्रीडाप्रमुखांनाही ठाऊक होतं. दादाच्या आईनेच जाऊन सांगितलं होतं. त्यांनी तिला बसवून घेतलं, चहा पाजला, आणि पोराला दुसरीकडे घाला म्हणाले. पोराला दुसरीकडे घातलं. प्रशिक्षक तिथेच राहिला, म्हातारा होऊन मेला. खटला चालला तो मूग गिळून बसलेल्या त्या दोघांवर. दोघंही दोषी ठरले, शिक्षा झाली आणि दुपारच्या आत जामीनही झाला. थकलेले प्राचार्य कोर्टाच्या पायऱ्या उतरत असताना गर्दीतलं कुणीतरी हळहळलं, "या वयात काय हे!" दादाची आई त्यांच्याच मागून उतरत होती. तिच्या वयाची चौकशी कुणी केली नाही.

निकालपत्रात दादाचं नाव नव्हतं. पण साक्षीला जाताना त्याने तोंड लपवलं नव्हतं, त्यामुळे ते आता घरोघरी पोचलं होतं.

"दादा, जरा ऑफिसात येता?" क्लबच्या व्यवस्थापकांनी दारातून हाक मारली.

आत एक डॉक्टर उभे होते. त्यांची जुळी मुलं दादाकडेच पोहायला शिकली होती. त्यांनी पुढे होऊन दादाचा हात दोन्ही हातांत घेतला.

"फार धीर दाखवलात तुम्ही. काल घरी तुमचाच विषय होता. हिच्या तर डोळ्यांत पाणी आलं."

दादाने नुसती मान हलवली.

"फक्त..." डॉक्टरांनी हात सोडला. "गैरसमज नका करून घेऊ. पण लहानपणी ज्यांच्यावर असा प्रसंग येतो, त्यांच्या मनात पुढे काय काय साचून राहतं, सांगता येत नाही. मी नाही म्हणत. पालक म्हणतायत."

"कोणते पालक?"

"म्हणजे, सगळेच."

"तुम्हीसुद्धा?"

डॉक्टरांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. व्यवस्थापकांनी टेबलावरचा पेपरवेट उगाचच थोडा सरकवला.

"तुमचं काहीएक चुकलेलं नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन," ते म्हणाले. "पण थोडे दिवस वर्ग बंद ठेवू. वातावरण निवळू दे. बाहेर फलकावर प्रकृतीचं कारण लिहू. म्हणजे तुमचंही नाव राहील, क्लबचंही."

"माझी प्रकृती ठणठणीत आहे."

"अहो, लिहायचं म्हणून लिहायचं."

"मग खरं काय ते लिहा की."

"दादा, तुम्हीच असं ताणून धरलंत तर कसं व्हायचं? आपण घरातली माणसं."

दादाला हसू फुटलं. आपण घरातली माणसं. आईलाही त्या दिवशी चहाबरोबर हेच ऐकवलं होतं. तिने ते शब्द साक्षीत जसेच्या तसे सांगितले होते आणि काल न्यायाधीशांनी ते भर कोर्टात वाचून दाखवले होते. त्यावर चांगले ताशेरेही ओढले होते. व्यवस्थापकांनी ते सकाळी पेपरात वाचलेही असतील.

"आणि मी नाहीच म्हटलं तर?"

"तर मुलं यायची नाहीत. रिकाम्या तलावाला काय शिकवणार तुम्ही?"

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच काळजी वाटत होती. दादाला कधीचं भांडायचं होतं, पण समोर भांडण्याजोगा माणूसच नव्हता. तो बाहेर आला.

तलावावर "चल, पुरे झालं आज" सुरू झालं होतं. एकेक मूल पाण्यातून निघून टॉवेलात गुंडाळलं जात होतं. कडेला, उथळ बाजूला, तेवढी एक लहान मुलगी उरली होती. दादाला बघताच ती ओरडली.

"दादा, मी पाय न टेकवता इथपर्यंत आले! बघितलंस का तू?"

"बघितलं," दादा खोटं बोलला.

"ओढ ना मग वर!"

तिने दोन्ही हात वर केले. रोज दादा तिला असंच एका झटक्यात बाहेर काढायचा आणि ती हवेतच पाय झाडत खिदळायची. सवयीने तो अर्धा वाकलाही.

बाकांवरचं बोलणं थांबलं.

दादाने मान वर केली नाही. सगळ्यांच्या नजरा कुठे आहेत ते त्याला न बघताच कळत होतं. तो सावकाश सरळ झाला आणि त्याने आपले हात पाठीमागे घेतले.

"शिडीने ये, बाळा."

"का पण?"

तिने मोठ्यांदा विचारलं. आवाज पाण्यावरून पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन आला. तिची आई लगबगीने बाकावरून उठली. मुलगी मात्र दोन्ही हात तसेच वर धरून पाण्यात उभी होती.