रांजणातली चिमणी

जरा डोळे मिटा आणि एक भट्टी समोर आणा. विटांची नाही, कपाटाएवढी, जाड लोखंडी दाराची. इंदिरानगरातल्या एका बंगल्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी आहे. कालपासून ती निवते आहे. आता दारावर हात ठेवलात तर कोमट लागेल, पोळ्या झाल्यावर उतरवून ठेवलेल्या तव्यासारखी.

दार उघडायला दीपमालाबाई एकट्याच आहेत. मातीची शिल्पं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. भाजलेल्या मातीत त्या सुतळी ओवतात, तांब्याची तार ओवतात, कांद्याच्या गोणीचे धागेसुद्धा ओवतात. शिल्पं खोक्यांत बसून मुंबईला जातात, दिल्लीला जातात. तिथे लोक त्यांच्याभोवती उभे राहतात म्हणे. फोटो येतात. भट्टीचं दार उघडताना मात्र "अगं, हे बघ!" असं ज्याला म्हणावं, असं शेजारी कुणी नसतं.

आज आत मोठा रांजण आहे. मुंबईत त्यांच्या आजवरच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन भरतंय, आणि हा रांजण दालनाच्या मधोमध ठेवायचा आहे. तो न्यायला टेम्पो निघालाही आहे.

त्यांनी दार ओढलं. रांजण छान भाजला होता, सगळीकडून सारखा लाल. बाईंनी सवयीने त्यावर बोटाने टिचकी मारली. नीट भाजलेलं भांडं खणकन वाजतं. हा थप्प वाजला.

त्यांनी मोबाईलची बॅटरी लावून आत पाहिलं. पोटापासून गळ्यापर्यंत तडा गेला होता. तळाशी खापऱ्या पडल्या होत्या. हात घालून त्यांनी एक वर काढली. ती रांजणाची नव्हती. ती एक चोच होती, आणि तिच्यावर लहानशा अंगठ्याचा ठसा होता.

बाईंनी मागे वळून पाहिलं. वरच्या मजल्यावरची पिंकी शेडच्या दारात उभी होती. रोज शाळेतून आली की इथल्या पायरीवर बसून ती माती मळायची.

"तू ठेवलीस ही?"

"हो. चिमणी होती."

"कधी ठेवलीस?"

"दार लावायच्या आधी तुम्ही गॅस बंद करायला आत गेलात ना आजी, दूध उतू जात होतं, तेव्हा."

"पण का गं?"

पिंकी चपलेच्या टोकाने जमीन उकरत राहिली. "तो रांजण आत एकटाच होता. अंधारात."

बाई स्टुलावर बसल्या. हातातली चोच त्यांनी शेजारी ठेवली. मग फोन वाजला. टेम्पोवाला संतोष होता.

"ताई, द्वारकेच्या चौकात अडकलोय. लय ट्रॅफिक हाय. मोठा नग बांधला ना?"

"मोठा नग येत नाहीये, संतोष. बाकीचे घेऊन जा."

"आता काय करायचं! त्या लोकांनी मधी काय ठेवायचं मंग?"

"मधली जागा मोकळीच राहू दे."

त्यांनी फोन ठेवला. पिंकीचे डोळे भरले होते.

"माझ्यामुळे फुटला?"

"हो," बाई म्हणाल्या. मुलांशी त्या खोटं बोलत नसत. "तुझी चिमणी ओली होती आणि भरीव होती. भट्टी तापली की मातीतल्या पाण्याची वाफ होते. तिला वाट मिळाली नाही, तर ती माती फोडून बाहेर येते. चिमणी फुटली आणि तिचा धक्का रांजणाला बसला. म्हणून आतून पोकळ करायचं, सुईएवढं भोक ठेवायचं आणि चांगलं वाळू द्यायचं. मग टिकतं."

ओल्या फडक्याखालचा मातीचा गोळा काढून त्यांनी तारेने कापला. अर्धा पिंकीपुढे ठेवला.

"कर पुन्हा."

पिंकीने नाक पुसलं आणि ती अंगठ्याने माती खोलगट करायला लागली. दोन वाट्या झाल्या.

"आत काहीच नाही ठेवायचं?"

"काहीच नाही."

"मग तिला करमतं का?"

बाई उठून रांजणाकडे वळल्या आणि तड्यावरून बोट फिरवत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

पिंकीने ती भाजलेली चोच उचलली. फुंकर मारून धूळ उडवली. एका वाटीत ठेवली, वर दुसरी वाटी बसवली आणि सांधा बोटाने पुसून काढला. चिमटीने नवी चोच आणि शेपूट काढली, सुईने भोक पाडलं. मग ती उठली, बाईंच्या मागे गेली, पायांच्या बोटांवर उभी राहिली, आणि नवी चिमणी त्यांच्या कानाशी धरून हळूच हलवली. आतली चोच खुळखुळली.